खान्देशातली सुपारी: दिवस मावळायच्या आत काय काय करायचं

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फोन खणखणायला लागतात. ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी, भजनी मंडळ, हार्मोनियम-तबल्यावरची छोटी मैफल, सगळ्यांनाच बोलावणी येतात. मधे चैत्रातल्या यात्रा, मग आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पावसाळ्यात कानबाईचा उत्सव, पुढे गणपती आणि नवरात्र. ज्यांनी नुकतीच स्वतःच्या नावावर सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, घ्यायला सुरुवात केली आहे, अशा वादक-गायकांसाठी हा लेख आहे. वाजवायचं कसं हे यात नाही. घरातून निघाल्यापासून परत घरी येईपर्यंत काय काय बिघडू शकतं आणि त्याची सोय आधी कशी लावायची, एवढंच आहे.

सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: गावात दिवसाउजेडी पोहोचा. रस्ता, मांडव, करंट, गावातली माणसं, यातलं काहीच अंधारात नीट तपासता येत नाही. कार्यक्रम रात्री ९ चा असला तरी आपली गाडी ५ ला मांडवापाशी लागली पाहिजे.

पहिली पायरी: फोनवर विचारायचं

तारीख आणि रक्कम एवढ्यावर फोन ठेवू नका. सगळ्यात जास्त घोळ तारखेचाच होतो. पत्रिकेवर लग्नाची तारीख असते आणि तुम्हाला बोलावलेलं असतं हळदीला, म्हणजे आदल्या रात्री. यजमान फोनवर "१२ तारखेचं लग्न आहे, भाऊ" म्हणतात, आपण १२ लिहून घेतो आणि ११ च्या संध्याकाळी फोन येतो की कुठवर आलात? म्हणून तारखेसोबत वार विचारायचा आणि "हळद की लग्न की वरात" हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

गावाचं नाव तालुक्यासकट घ्या. कुसुंबा धुळे तालुक्यात आहे आणि जळगावच्या विमानतळाशेजारीही आहे. दोन्हींमध्ये शंभरावर किलोमीटर अंतर पडतं. पिंपळगाव, पिंप्री, वडगाव ही नावं तर जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतील. मोबाइलवर गावाचं नाव टाकून निघणं धोक्याचं आहे. मांडवाच्या जागेचं लोकेशन मागवा, आणि ते पाठवणारा माणूस तेव्हा तिथेच उभा होता ना, हेही विचारा. कित्येकदा तो तालुक्याच्या दुकानात बसून स्वतःचं लोकेशन पाठवतो.

मग वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकतं, पण घरच्या हळदीला ती सवलत आहे असं धरून चालू नका. आता हिशेब करा. यजमान म्हणाले ८ ला सुरू करू. पाहुणे शेतातून यायचे, पंगती उठायच्या, हळद लागायची, यात सहज साडेनऊ होतात. तुमच्या हातात उरतो अर्धा तास, आणि पैसे मात्र तीन तासांचे ठरलेले. अशा वेळी १० नंतर "थोडं चालू द्या" असा आग्रह होतो. पोलीस आले तर मिक्सर आणि अॅम्प्लिफायर जप्त होण्याची भीती तुमची असते, आग्रह करणाऱ्याची नव्हे. म्हणून फोनवरच शांतपणे सांगून टाका: ७ ला पहिलं गाणं, १० ला स्पीकर बंद, आणि स्पीकरची परवानगी यजमानांनी काढायची. परवाना निघाला की त्याचा फोटो मागून ठेवा.

बोलणं झालं की त्याच दिवशी एक मेसेज टाका. माझा साधारण असा असतो:

"नमस्कार नाना. आपल्या बोलण्याप्रमाणे शनिवारी, हळदीच्या रात्री, अमुक गाव, तालुका अमुक. वेळ ७ ते १०. आम्ही सहा जण. साऊंड, स्टेज, जनरेटर आपल्याकडे. परवानगी आपल्याकडे. रक्कम अमुक, इसार मिळाला, बाकी कार्यक्रमाआधी. जेवण सहा जणांचं. काही बदल असल्यास कळवावे."

यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. खान्देशातला यजमान दिलदार असतो, पण लग्नघरात निर्णय घेणारी माणसं पाच असतात. फोनवर बोलला तो काका त्या रात्री नवरदेवाला घेऊन दुसरीकडे गेलेला असतो. तेव्हा हा मेसेज दाखवायला उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: रस्ता आणि गाडी

रेल्वेने येणाऱ्यांनी नकाशा डोक्यात ठेवावा. मनमाडकडून येणारी लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाते. दुसरी लाइन सुरतकडून येते: नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव आणि मग जळगाव. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आहे. पुण्या-नाशिकचा नवा साथीदार "नंदुरबार खान्देशातच आहे ना" म्हणत मनमाडच्या बाजूने गाडीत बसतो आणि जळगावला उतरून पुन्हा पश्चिमेला उलटा येतो. त्याला नाशिकहून धुळ्यामार्गे रस्त्याने बोलवा. (नवापूर स्टेशन बघण्यासारखं आहे. एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत.)

वाद्यं घेऊन उतरायचं असेल तर भुसावळला जास्त सोपं जातं, मोठं जंक्शन असल्याने गाडी बराच वेळ थांबते. जळगावला थांबा थोडा असतो. पाचोरा गेलं की सामान दाराशी आणा, मोजा, एक जण खाली आणि एक जण वर असं ठरवा. फलाटावर पुन्हा मोजा. सुटणारी वस्तू बहुतेक वेळा छोटी असते: स्टँडची पिशवी, अडॅप्टरची पिशवी, तबल्याची हातोडी.

रस्त्याने संभाजीनगरकडून येणार असाल तर कन्नडचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथे दरड येते, आणि २०२३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना तिथे बंदी आली. साऊंडचा ट्रक सोबत असेल तर नांदगावकडून वळसा धरून वेळ काढा आणि निघायच्या सकाळी घाटाची ताजी खबर चाळीसगावच्या कुणाला तरी विचारा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात केळीच्या गाड्या भरायला लागल्या की अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक करायला जागा राहत नाही. यात्रेच्या दिवसांत अमळनेरला, आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे तापीच्या पुलाकडच्या रस्त्याला, नेहमीच्या वेळेत पोहोचाल अशी आशा धरू नका. धडगाव-तोरणमाळकडे जाणार असाल तर घाट चढायच्या आधीच सगळे फोन उरकून घ्या, वर रेंजचा भरवसा नाही.

तिसरी पायरी: बांधाबांध

मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी पारा ४४-४५ ला टेकतो. बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. अशा गाडीच्या डिकीत हार्मोनियम दोन तास राहिली तर भात्याचा चिकटवलेला सांधा सुटू शकतो, लाकडाला भेग जाऊ शकते. तबला-ढोलकीची कातडी कोरड्या उष्णतेत ताणून चढते. चढलेली पुडी तशीच ठोकून आणखी चढवली तर फाटते. म्हणून गाडी जेवायला थांबली की वाद्यंही खाली उतरवून सावलीत ठेवायची. कंटाळा येतो, तरी करायचं. जाड गोधडीत गुंडाळलेली हार्मोनियम उन्हाळ्यातही आणि डिसेंबरातल्या थंडीतही सुखरूप राहते. धुळ्याकडे थंडीत पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा उघड्या मांडवात वाद्य काढल्यावर अर्धा तास तसंच ठेवून मगच सुरात घ्यावं.

कानबाईच्या दिवसांत उलटी अडचण. श्रावणातली दमट हवा, ढोलकीचं पान उतरतं, हार्मोनियमची पट्टी फुगून दाबलेली वर येत नाही आणि एखादा सूर चालूच राहतो. सोबत पातळ कोरा कागद ठेवा. रीडच्या जिभेखाली कण अडकून सूर मुका झाला तर कागदाची कड हलकेच सरकवून तो काढता येतो. कापसाच्या हंगामात गाड्यांमागून हवेत तंतू उडत असतात, तेव्हा याची गरज जास्त पडते. जिभेला नख किंवा पिन लावू नका, सूर कायमचा हलतो.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांनी जादा अडॅप्टर घ्यावाच. पण तो व्होल्ट, अँपिअर आणि पिनची प्लस-मायनस दिशा बघून घ्या. पिन आत बसली म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. टोन, स्टाइल आणि ट्रॅक दोन पेनड्राइव्हवर ठेवा आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांच्या खिशात. बाकी सामानात जॅकच्या जादा केबल, माइकची एक केबल, चिकटपट्टी, टॉर्च, टेस्टर, आणि मल्टिमीटर. ही शेवटची वस्तू अनेकांना वाद्याच्या पेटीत अनोळखी वाटते. तिचं काम पुढच्या पायरीत आहे.

चौथी पायरी: करंट

नवख्यांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट हीच असते, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

मांडवात पोहोचल्यावर आधी साऊंडवाल्या दादाला भेटा, नंतर यजमानांना. लाइन कुठून घेतली आहे हे त्याला विचारा आणि त्याच्यासोबत चालत जाऊन बघा. खेड्यात लाइन कधी घरातल्या बोर्डावरून असते, कधी शेजारच्या घरून, कधी जनरेटरवर, आणि कधी तिन्हीकडून थोडी थोडी. संध्याकाळी शेतातल्या मोटारी, मांडवातली लाइटिंग, कुल्फीवाल्याचा फ्रीजर हे सगळं एकदम सुरू झालं की २३० चं व्होल्टेज १७०-१८० वर येतं. कीबोर्ड मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, अॅम्प्लिफायर फाटका आवाज काढतो.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास दिसलं पाहिजे. फेज आणि अर्थिंगमध्येही साधारण तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडं, दोन-चार व्होल्ट. हा शेवटचा आकडा पन्नास-साठ दिसला तर वाद्य लावू नका. अर्थिंग नाही किंवा न्यूट्रल ढिला आहे. थ्री फेजच्या लाइनवर न्यूट्रल निसटला तर एका फेजवरचं सामान उपाशी राहतं आणि दुसऱ्यावर ४०० च्या घरात व्होल्टेज जातं. एका क्षणात कीबोर्ड, मिक्सर, मोबाइलचे चार्जर सगळं जळतं. यावल तालुक्यातल्या एका हळदीला आमच्या शेजारच्या स्टॉलवर असंच झालं. आम्ही मीटर लावून थांबलो होतो म्हणून वाचलो. यजमानांना वाईट वाटेल या भीतीने कुणी गप्प बसू नये. "दादा, न्यूट्रल एकदा घट्ट करून घ्या ना" एवढं म्हटलं तरी चांगला वायरमन लगेच उठतो.

माइकचा शॉक हा दुसरा प्रकार. साऊंड जनरेटरवर आणि गिटार किंवा कीबोर्डचा अॅम्प्लिफायर घरच्या लाइनवर असला की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक राहतो. गिटारवर हात आणि माइकला ओठ लागले की झटका बसतो. मंचाला पाणी शिंपडलेलं असेल आणि गाणारी ताई अनवाणी असेल तर तो जीवावर बेतू शकतो. उपाय: मंचावरचं सगळं एकाच ठिकाणच्या लाइनवर. माइकच्या जाळीला आधी टेस्टर लावून बघा. दिवा पेटला तर गाणं नाही. फोमची टोपी चढवून वेळ मारून नेणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) येतो म्हणून तीन पिनांतली अर्थिंगची पिन कापायची नाही, कधीच नाही. हम घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सरच्या मधे लावतात तो छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते वापरा.

जनरेटर आणि मेन लाइनच्या अदलाबदलीत दोन-तीन सेकंद करंट जातो. संगणकाला लावतात तसा छोटा यूपीएस घेतला तर कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि मिक्सर तेवढ्यात तग धरतात. अॅम्प्लिफायर त्यावर लावू नका, पेलवत नाही.

मांडवही उजेडातच बघून घ्या. मे अखेर ते जून या काळात तापीकाठी संध्याकाळी अचानक वावटळ उठते. केळीचे उभे बाग आडवे करणारं हे वारं स्पीकरच्या उंच थप्पीला जुमानत नाही. स्पीकर बांधलेले आहेत का, थप्पी मुलं बसतात त्या बाजूला तर नाही ना, एवढं पाहा. पश्चिमेला आभाळ काळं झालं की आधी करंट बंद, मग वाद्यं झाकणं.

पाचवी पायरी: साऊंड चेक

थोडक्यात सांगतो. स्पीकर माइकच्या पुढे असले पाहिजेत, मागे नाहीत. पुढे असले की शिट्टी मारायचं प्रमाण बरंच कमी होतं. आधी ढोलकी-तबला, मग कीबोर्ड, मग आवाज. रिकाम्या मांडवात आवाज घुमतो, माणसं भरली की बसतो, म्हणून इको सुरुवातीला कमीच ठेवा. साऊंडवाल्या दादाला नावाने हाक मारा आणि त्याच्या चहाची आठवण ठेवा. रात्रभर आपला आवाज त्याच्या हातात असतो.

सहावी पायरी: कार्यक्रम

खान्देश म्हणजे सगळीकडे अहिराणी, असा बाहेरच्या पार्ट्यांचा समज असतो. धुळे, अमळनेर, शिंदखेडा, साक्री या भागात अहिराणी गाणं लागलं की मांडव उठून नाचतो आणि मागून "भाऊ, आखो एक!" अशी आरोळी येते. भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली आहे, तिथे घरातल्या बायका ओव्या आणि हळदीची गाणी स्वतः म्हणतात. त्यांना माइक द्या, ढोलकीने साथ करा, ती रात्र गावाच्या लक्षात राहते. शहाद्याकडे गुजर घरं आहेत, सातपुड्यात भिल्ल आणि पावरा वस्ती, तिथल्या ठेक्याची चाल निराळी. आधी फोनवर विचारलं असेल तर अशी दोन-तीन गाणी बसवून नेता येतात.

फर्माईश चिठ्ठीवर घ्या, मंचाखाली एक माणूस ठेवून. कुणी दारू पिऊन मंचावर चढला तर त्याच्याशी माइकवरून बोलू नका. घरातल्या थोरल्या माणसाकडे, आप्पांकडे किंवा तात्यांकडे, नुसतं बघायचं, ते बरोबर उतरवून नेतात. गायिकेला नोट द्यायला कुणी जवळ येत असेल तर नोट खाली ताटात ठेवायची, हा नियम पहिल्या गाण्याआधी निवेदकाने हसतमुखाने सांगून टाकावा. तो सांगितला नाही तर नंतर सांगणं जड जातं.

करंट गेला तर? अर्ध्या तासाचा बिनविजेचा कार्यक्रम नेहमी तयार ठेवा. हार्मोनियम, ढोलकी, टाळ, दोन आवाज. मंचावरून उतरून बायकांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या मधे जाऊन बसा आणि गा. मी पाहिलेल्या उत्तम मैफलींपैकी काही अशाच अंधारात झाल्या आहेत.

गाणाऱ्यांनी जेवण कार्यक्रमानंतरच घ्यावं. काळ्या मसाल्याची शेवभाजी, भरीत, वरण-बट्टी समोर आली की मोह होतो आणि आग्रहही तेवढाच प्रेमाचा असतो. तिखट-तेलकट पोटात असताना वरच्या पट्टीत आवाज लावला की आंबट वर येऊन घसा धरतो. केळं, थोडा साधा वरण-भात, कोमट पाणी एवढ्यावर भागवा आणि "काकू, आमचं ताट झाकून ठेवा" असं सांगा. घरची बाई असं ताट कधी विसरत नाही.

सातवी पायरी: पैसे आणि परतीचा रस्ता

बाकीची रक्कम पहिल्या गाण्याआधी घ्या. रात्री अकराला यजमान दमलेले असतात, तिजोरीची किल्ली झोपलेल्या आजीकडे असते, आणि उद्या लग्न. त्यांची नियत चांगली असली तरी पैसे तेव्हा निघत नाहीत. सकाळी फोन केला तर वरात निघालेली असते. साथीदारांचा वाटा त्याच रात्री, गाडीत बसायच्या आधी, प्रत्येकाच्या हातात द्या. उशिरा मिळालेल्या पैशांवरून जितक्या पार्ट्या फुटल्या तितक्या सुरांच्या भांडणावरून फुटल्या नसतील.

सामान बांधताना निघतानाची यादी हातात घेऊन मोजा, टॉर्च लावून मंचाखाली बघा.

आणि ड्रायव्हर. तो कार्यक्रमभर नाचला, जेवला आणि आता रात्री १ ला सुरत-नागपूर महामार्गावर गाडी हाकणार असेल, तर थांबा. संध्याकाळी पोहोचल्यावर त्याला खाट टाकून झोपायला लावणं हे पार्टीच्या मालकाचं काम आहे, सुपारी घेणाऱ्याचं काम. ते जमलं नसेल तर यजमानांकडे दोन चटया मागा. खान्देशात रात्री पाहुण्याला कुणी परत पाठवत नाही, ओसरी मिळतेच. पहाटे पाचला चहा घेऊन निघा. पुढची सुपारी दुसऱ्या दिवशी दूर असेल तर ती घेतानाच हा रात्रीचा मुक्काम धरून वेळ द्या.

घरी आल्यावर पेट्या तशाच कोपऱ्यात सरकवू नका. हार्मोनियम उघडून धूळ मऊ ब्रशने काढा, ढोलकीची पानं कोरड्या फडक्याने पुसा, घामाने भिजलेल्या माइकच्या जाळ्या काढून धुऊन पूर्ण वाळवा, केबल एकेक तपासून खराब झालेलीला लाल चिकटपट्टी लावा. ती दुरुस्त होईपर्यंत पेटीत जाता कामा नये.